अंगाला ऊब, तोंडाला हवा

वैशाखाच्या या उकाड्यात, माठातल्या पाण्याची आठवण काढीत बसलेल्या श्रोत्यांपुढे पौषातल्या थंडीचा विषय मांडावा, हे कोणास अवेळी वाटेल. परंतु त्यात थोडा हिशोब आहे. ज्या घरी नव्या पाहुण्याची चाहूल आज नुकती लागली आहे, त्या घरी तो पाहुणा मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास येणार. बाळंतिणीला खोली कोणती द्यावयाची, पाळणा कोठे टांगावयाचा, बाळंतविड्यात काय काय शिवावयाचे, याचा विचार त्या वेळी घाईगर्दीत होतो. तो आज स्वस्थपणे करता येईल.

दुसरेही एक कारण आहे. थंडीत तान्ह्या बाळाला कसे निजवावे, या प्रश्नावर आपल्या घरांत बहुधा दोन पक्ष पडतात. आजीचे म्हणणे असे की, बाळ गारठते आहे, खिडकी लावून घ्या, कुंची घाला, वर आणखी एक गोधडी टाका. सून दवाखान्यातून ऐकून आलेली असते की, बाळाला फार गुंडाळू नये, अंथरुणात उशी-पांघरूण नको, खोलीत हवा खेळती असावी. दोघींचीही माया सारखीच. पण एकीला दुसरीचे म्हणणे निष्काळजीपणाचे वाटते, तर दुसरीला पहिलीचे जुनाट वाटते. आमच्या मते दोघीही खरे बोलत आहेत. मात्र प्रत्येकीच्या हाती अर्धे सत्य आहे. ही दोन अर्धी एकत्र जोडणे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम आजीच्या पक्षाचा विचार करू. बाळाला थंडी आपल्यापेक्षा अधिक बाधते, हे तिचे म्हणणे शास्त्राला पूर्णपणे मान्य आहे. वजनाच्या मानाने पाहिले तर नवजात बाळाच्या त्वचेचे क्षेत्र मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असते. वाटीभर दूध परातीत पसरले तर ते जसे झटकन निवते, तशीच ही गोष्ट आहे. त्यातही डोके हा शरीराचा मोठा हिस्सा, आणि त्यावर केस विरळ. त्वचेखालची चरबी पातळ. शिवाय थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून उष्णता निर्माण होते. नवजात बाळाला ती सोय जवळजवळ नाहीच. निसर्गाने त्याच्या मानेभोवती, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांच्या आसपास तपकिरी रंगाची एक खास चरबी ठेवलेली असते. ती जाळून बाळ आपली ऊब राखते. परंतु हे सरपण थोडे असते, आणि ते जाळावयास प्राणवायू व साखर दोन्ही खर्ची पडतात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाजवळ तर हा साठा आणखीच तुटपुंजा.

जागतिक आरोग्य संघटनेने हे एका तुलनेने सांगितले आहे. २३ अंश सेल्सियसच्या खोलीत उघडे ठेवलेले नुकते जन्मलेले बाळ जितकी उष्णता गमावते, तितकी उष्णता गमावण्यासाठी मोठ्या माणसाला शून्य अंशात उघडे उभे राहावे लागेल. २३ अंश म्हणजे आपल्याला सुखद वाटणारी हवा! आपल्याला सुखद, ते बाळाला हिमालय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या ऊबेवर किती अवलंबून असते, हे न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाच्या उबवणपेटीत २८.९ अंश तापमान ठेवले, दुसऱ्या गटाच्या पेटीत ३१.७ अंश. फरक तीन अंशांहूनही कमी. पण उबदार पेटीतील बाळे शंभरांमागे सुमारे पंधरांनी अधिक वाचली. औषध बदलले नव्हते, दूध बदलले नव्हते. बदलली होती ती केवळ ऊब.

आता ही ऊब बाळाच्या अंगातून निघून जाते कोणत्या वाटांनी? वाटा चार आहेत, आणि चारही आपल्या घरातल्याच आहेत. पहिली वाट माठाची. माठाच्या अंगावरचे पाणी वाळताना आतले पाणी गार करते. ओल्या बाळाचे तसेच होते. मग ते जन्माच्या वेळचे ओलेपण असो, आंघोळीनंतरचे असो, की भिजलेल्या लंगोटाचे असो. जन्मतः बाळाला पुसून कोरडे केले नाही, तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याचे तापमान दोन ते चार अंशांनी खाली येऊ शकते. दुसरी वाट फरशीची. गार फरशी, वजनाचा काटा, थंडगार रबरी कापड, ज्यावर बाळ ठेवाल ते बाळाची उष्णता ओढून घेते. तिसरी वाट वाऱ्याच्या झुळुकेची. चौथी वाट डोळ्याला दिसत नाही म्हणून फसवी आहे. बाळाचा पाळणा बाहेरच्या दगडी भिंतीलगत किंवा खिडकीच्या काचेलगत असेल, तर भिंतीला स्पर्श नसतानाही बाळाचे अंग त्या गार भिंतीकडे उष्णता फेकीत राहते. म्हणून थंडीत पाळणा आतल्या भिंतीकडे, दार-खिडकीच्या समोरासमोरच्या वाऱ्यातून बाजूला असावा. यास एक पैही लागत नाही.

पहिल्या वाटेमुळेच बाळाला जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याची घाई करू नये, असे आता सांगतात. निदान चोवीस तास तरी थांबावे. अंगावरचा पांढरा चिकट लेप घाण नव्हे. तो खरवडून काढावयाचा नसतो. पुढेही थंडीच्या दिवसांत आंघोळ भर दुपारी, बंद खोलीत, झटपट उरकावी; पंचा आणि कपडे आधीच जवळ ठेवावेत. पाणी हाताच्या कोपराला कोमट लागेल इतपतच असावे. डोके आधी कोरडे करावे. लहान वजनाच्या बाळाला रोजची आंघोळ न घालता अंग पुसून घेणेच बरे.

येथवर आजीचा पक्ष बळकट झाला. आता सुनेचा पक्ष पाहू.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत एक मोठे दुःखद कोडे पडले होते. रात्री धडधाकट निजविलेले बाळ सकाळी पाळण्यात मृत आढळे. शवपरीक्षेतही कारण सापडत नसे. असे मृत्यू हिवाळ्यात अधिक होत. साहजिकच थंडी हीच शत्रू ठरली, आणि घरोघरी पांघरुणे वाढत गेली. परंतु इंग्लंडमध्ये एव्हन परगण्यात पीटर फ्लेमिंग व त्यांचे सहकारी यांनी अशा घरांची बारकाईने पाहणी केली आणि १९९० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात असे आढळले की, दगावलेली बाळे जिवंत राहिलेल्या बाळांपेक्षा अधिक प्रमाणात पालथी निजविलेली होती. त्यांच्या अंगावर कपडे व पांघरुणे जास्त होती. आणि त्यांच्या खोल्यांतील उष्णतेचे यंत्र रात्रभर चालू राहण्याचे प्रमाणही जास्त होते. म्हणजे थंडीच्या भीतीने केलेला उपायच काही अंशी अपाय ठरत होता.

१९९१ साली ब्रिटनमध्ये बाळांना उताणे निजवा, अति गुंडाळू नका, अशी मोहीम सुरू झाली. थोड्याच वर्षांत तेथील अशा मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. न्यूझीलंड, हॉलंड, अमेरिका या देशांतही असाच अनुभव आला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. ज्या घरांवर हा प्रसंग आला त्या आईबापांचा तो दोष नव्हे. पालथे निजविण्याचा सल्ला त्यांना तज्ज्ञांनीच दिलेला होता. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकातही १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून तोच सल्ला होता. आपल्याकडे पाळण्यात बाळाला उताणे ठेवण्याची जी रीत होती, तिच्याकडेच शास्त्र फिरून आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

उताणे बाळ दूध उलटून गुदमरेल, ही भीती अनेकांच्या मनात असते. परंतु बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरावयास त्याला चढ चढावा लागतो. पालथ्या बाळाच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. शिवाय पालथ्या बाळाचे नाक गादीत रुतते, आपलाच सोडलेला श्वास ते पुन्हा पुन्हा घेते, आणि त्या वयात झोपेतून दचकून उठण्याची, मान वळविण्याची शक्ती पुरेशी आलेली नसते. तोंडावर सरकलेल्या जाड पांघरुणाखाली नेमके हेच घडते. म्हणून निजविताना बाळ नेहमी उताणेच ठेवावे. पुढे ते आपले आपण सहज कूस बदलू लागले, तर रात्रभर जागून त्याला परतविण्याची गरज नाही.

आता दोन्ही पक्ष समोर आले. एकाचे सांगणे ऊब द्या; दुसऱ्याचे सांगणे गुदमरवू नका. यांत विरोध दिसतो तो ऊब आणि पांघरूण ही एकच वस्तू आहे असे आपण धरून चालतो म्हणून. वस्तुतः ऊब अंगाला हवी. तोंडाला हवी ती मोकळी हवा. अंगाला लागून बसलेला कपडा ऊब देतो आणि जागचा हलत नाही. सुटे पांघरूण ऊबही देते आणि तोंडावरही जाते. एवढा भेद ध्यानात ठेवला की बाळंतविड्यातील प्रत्येक वस्तूचा निवाडा आपला आपल्याला करता येतो. तो आपण क्रमाने करून पाहू.

झबले सुती असावे आणि त्यावर दुसरे गरम. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. दोहोंमध्ये कोंडलेली हवाच ऊब राखते. किती कपडे घालावे? आपण स्वतः त्या खोलीत जितक्या कपड्यांत सुखाने बसू, त्याहून एक थर अधिक, त्यापुढे नको. पायांत मोजे असावेत. थंड प्रदेशांत अलीकडे पिशवीसारखे शिवलेले निजावयाचे अंगरखे वापरतात. त्यांत खांदे व हात ठाकठीक बसतात आणि खालचा भाग पिशवीसारखा बंद असतो. गळा बेताचा ठेवून असा अंगरखा आपला शिंपीही जुन्या मऊ गोधडीतून शिवून देऊ शकेल. त्यावर निराळे पांघरूण लागत नाही.

कुंची ही देखणी वस्तू खरी, आणि बाळाला बाहेर नेताना उपयोगीही. पण निजताना तिचे बंद गळ्याशी आवळतात आणि झालर तोंडावर येते. पहिल्या दिवसांत, विशेषतः लहान वजनाच्या बाळाला, आपल्या गार घरांत टोपडे अवश्य हवे. मात्र ते डोक्याला बरोबर बसणारे, बंद नसलेले असावे. बाळ मोठे झाले आणि खोली उबदार असली, तर घरात निजताना टोपी काढावी. कारण उकडू लागले तर बाळाला उष्णता बाहेर टाकावयास डोके हीच मोठी वाट असते. गळ्यातला काळा दोरा आणि ताईतही झोपेच्या वेळी उतरून ठेवावा.

दुपट्यात गुंडाळणे वाईट नाही. पण छातीवर ते इतके सैल असावे की आपला हात आत सरकेल, आणि पाय बेडकासारखे दुमडता येतील. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचे सांधे बिघडतात. बाळ कुशीवर वळण्याची खटपट करू लागले की गुंडाळणे बंद करावे. राईची उशी निजताना नकोच. डोके वाटोळे राहावे यासाठी बाळाची मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे करून निजवावे आणि जागेपणी आपल्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथे खेळवावे. अंथरूण सपाट व टणक असावे. झोळीत लहान बाळाचे अंग मुडपते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आखडते. म्हणून रात्रीची लांब झोप झोळीत नसावी. सपाट तळाचा पाळणा चांगला.

आता शेगडीकडे वळू, कारण या साऱ्यात सर्वांत घातक वस्तू तीच आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शेपांची धुरी, आणि दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या, ही जुनी पद्धत अजून कित्येक घरांत चालते. जुन्या घरांना कौलांच्या फटी होत्या. धूर निघून जाई. आजच्या सिमेंटच्या खोलीला फट नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि निजलेला माणूस जागा न होताच जातो. बंद खोलीत शेगडी ठेवून निजल्याने कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या वार्ता उत्तर हिंदुस्थानातून दर हिवाळ्यात येतात. धुरी तर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सरळ अपायच करते. विडी-सिगारेटचा धूरही त्याच पंक्तीतला. शेक घ्यावयाचाच असेल तर बाळंतिणीने गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा. तीच पिशवी बाळाचे अंथरूण आधी ऊबवावयास वापरता येईल. मात्र बाळ ठेवण्यापूर्वी ती काढून घ्यावी, कारण त्याची त्वचा क्षणात भाजते. विजेचे यंत्र असेल तर त्याचा झोत बाळाकडे नको, आणि खोली ऊबली की निजताना ते बंद करावे. सर्दीला उतारा म्हणून ब्रँडीचा थेंब देण्याची चाल कोठे कोठे आहे. मद्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब उलट बाहेर जाते, आणि रक्तातील साखर उतरते. तो थेंब औषध नव्हे.

मग गार खोलीत लहान बाळाला खरी ऊब द्यावयाची कशाने? जगातील सर्वांत चांगली शेगडी आईची छाती आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी एका इस्पितळात उबवणपेट्या अपुऱ्या पडत. तेथे १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव पडले. गरिबाची सोय म्हणून निघालेली ही युक्ती पेटीला पर्याय तर ठरलीच, शिवाय तिच्याहून सरस निघाली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मिळून झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मतःच आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांत शंभरांतील १२ दगावली. नेहमीच्या पद्धतीत हाच आकडा १५.७ होता. हे काम वडील आणि आजीही करू शकतात. बाळाला लंगोट, टोपडे व मोजे घालून उघड्या छातीशी धरावे, दोघांवर मिळून शाल घ्यावी, बाळाचे तोंड एका बाजूस वळलेले व आपल्याला दिसते असे असावे. मात्र घरी असे बसताना डोळा लागेल असे वाटले, तर बाळ दुसऱ्या जागत्या माणसाकडे द्यावे.

बाहेरच्या ऊबेइतकीच आतलीही महत्त्वाची. आईचे दूध हेच त्या तपकिरी चरबीचे सरपण. नवजात बाळाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजले पाहिजे. गारठलेले बाळ सुस्तावते, सुस्तावले की दूध ओढीत नाही, आणि दूध नाही म्हणून आणखी गारठते. हे चक्र सुरू होऊ देता कामा नये.

बाळाने आईजवळ निजावे की वेगळे? एकाच खोलीत, हात पोहोचेल इतके जवळ, पण स्वतःच्या सपाट अंथरुणावर, हे सर्वांत निर्धोक. आपल्या घरांत एकत्र निजणे सर्रास आहे, हे आम्ही जाणतो. तेथे निदान एवढे पथ्य पाळावे: मोठ्यांची रजई बाळावर येऊ नये, दारू किंवा गुंगीचे औषध घेतलेल्याने, तंबाखू ओढणाऱ्याने बाळाशेजारी निजू नये, आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ असेल तर त्याची जागा वेगळीच असावी.

हे सारे बरोबर जमले की नाही, हे सांगणारे यंत्र आपल्या हातातच आहे. हाताच्या पाठीने बाळाच्या पोटाला आणि तळपायांना स्पर्श करून पाहावे. पोट आणि पाय दोन्ही उबदार, तर सारे ठीक. पोट उबदार आणि पाय गार, तर नवजात बाळाला गारठा जाणवू लागला आहे. एक थर वाढवावा किंवा छातीशी घ्यावे. पोटही गार लागले, तर ते धोक्याचे. मोठ्या बाळाचे हातपाय जरासे गार असणे स्वाभाविक आहे. तेथे मानेच्या मागची बाजू व छाती पाहावी. मान घामेजली, केस ओलसर, गाल लाल, श्वास जलद, अंगावर पुरळ, ही उकडत असल्याची खूण. एक थर काढावा. तापमापक असेल तर ३६.५ ते ३७.५ अंश, म्हणजे सुमारे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक समजावे. छातीशी धरूनही बाळ ऊबेला येत नसेल, दूध ओढीत नसेल, रडणे क्षीण झाले असेल, किंवा थर काढूनही ताप राहात असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणि वाटेतही बाळ छातीशीच असावे, कारण कित्येकदा बाळ घरापेक्षा प्रवासातच अधिक गारठते.

हे सारे शहरातल्या, सुशिक्षित घरांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, कमी वजनाचे बाळ ओळखणे, पाजण्यास मदत करणे आणि जंतुसंसर्गावर उपचार करणे, हे त्या शिक्षणाचे भाग होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, तुलनेच्या गावांपेक्षा या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून हीच दिशा देशाने स्वीकारली. बाळ जन्मल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत आशा कार्यकर्ती सहा-सात वेळा घरी येते ती त्याचसाठी. ती आली की तिला आडवाटेने परत पाठवू नये. बाळाच्या पोटाला तिचाही हात लागू द्यावा.

तेव्हा आजीने आपली माया कमी करावी असे आमचे म्हणणे नाही, आणि सुनेने आपले ज्ञान गुंडाळून ठेवावे असेही नाही. आजीने झबल्याची ऊब पाहावी, सुनेने तोंडावरची हवा पाहावी, आणि दोघींनी मिळून शेगडी त्या खोलीबाहेर काढावी. बाळंतविडा शिवावयास घ्याल तेव्हा, म्हणजे येत्या दिवाळीच्या आसपास, एवढे स्मरले तरी या वैशाखातील एक संध्याकाळ सत्कारणी लागली असे आम्ही समजू.